अपग्रेडनंतरचा सोमवार

पहाटे ५:३०

गजर व्हायच्या आधीच जाग आली. हात फोनकडे गेला. एकही मिस्ड कॉल नाही. हे चांगलं लक्षण म्हणावं, तर शाखा अजून उघडायच्याच होत्या.

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करते. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. ग्राहकांना ती सुट्टी, आम्हाला तो मुहूर्त. जे काम चालू बँकेत करता येत नाही ते या शनिवारी रात्री काढायचं आणि सोमवारी कोणाला कळूही द्यायचं नाही. परवा असंच एक काम काढलं होतं : व्हर्च्युअल डेस्कटॉपचं अपग्रेड.

आमच्या कॅशियरच्या टेबलावर पडदा असतो, कीबोर्ड असतो आणि पाठ्यपुस्तकाएवढा एक डबा. त्याला थिन क्लायंट म्हणतात. त्याच्या पोटात फारसं काही नाही. खरा संगणक मुख्य कार्यालयातल्या सर्व्हर रूममध्ये चालतो. टेबलावर दिसतं ते त्याचं चित्र. विट्याच्या शाखेत दाबलेली कळ सांगलीत उमटते. आलेला माणूस कोण, त्याला कोणता डेस्कटॉप द्यायचा, हे दारात उभं राहून ठरवणारा असतो कनेक्शन सर्व्हर. आमच्याकडे असे दोन आहेत आणि त्यांच्यापुढे येणाऱ्यांना दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर. सॉफ्टवेअर होरायझन, पूर्वी व्हीएमवेअरचं, २०२४ पासून ओम्निसा या वेगळ्या कंपनीचं.

सकाळी ७:००

पोळ्या लाटताना सासूबाई म्हणाल्या, "चाललंय ते कशाला बदलता तुम्ही लोक?" हाच प्रश्न आमच्या सीईओ साहेबांनीही विचारला होता. त्यांना मी डिसेंबर २०२१ ची आठवण करून दिली होती. तेव्हा लॉगफोरजे नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या घटकात भगदाड सापडलं. होरायझनचे कनेक्शन सर्व्हरही तो घटक वापरत होते. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संगणक विभागाला, एनएचएस डिजिटलला, जाहीर इशारा द्यावा लागला, की हल्लेखोर नेमके हेच, दुरुस्त न केलेले सर्व्हर शोधत फिरताहेत. चाललंय ते चालू राहावं म्हणूनच बदलावं लागतं.

सासूबाईंना मात्र एवढंच म्हटलं, "कुलूप जुनं झालं होतं, आई."

सकाळी ८:१५

ऑफिसात सगळ्यात आधी मी आणि शिपाईमामा. लॅपटॉप उघडला, लॉगिन केलं, डेस्कटॉप आला. लॉगआउट, पुन्हा लॉगिन. हिरवं कुलूप, सगळं जागच्या जागी. रविवारीही असंच झालं होतं. पंधरा वेळा तपासलं आणि पंधराही वेळा पास.

ती पंधरा वेळची तपासणी खरं तर एकच होती, हे मला पुढच्या तासाभरात कळणार होतं.

सकाळी ९:०५

पहिला फोन विट्याहून. "मॅडम, लाल अक्षरं आल्यात. सर्व्हरची ओळख पटत नाही म्हणतंय. काय करू?"

"काही करू नका. तिथंच थांबा."

दुसरा तासगावहून : लॉगिन होईना. तिसरा जतहून : चार टेबलांवर लॉगिन होईना, बाकी ठीक. चौथा एका वसुली अधिकाऱ्याचा, बाहेरगावाहून : लॉगिन होईना. नऊ वीसपर्यंत दोन्ही फोन वाजत होते आणि जवळजवळ प्रत्येक जण तेच दोन शब्द बोलत होता.

या कामात शिकलेली पहिली गोष्ट अशी, की "लॉगिन होईना" ही तक्रार नसते. "पोटात दुखतंय" म्हणण्यासारखं ते आहे. कुठं दुखतंय, कधीपासून, काय खाल्लं होतं, हे विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाच्या हाती कोरा कागद दिला आणि चार रकाने आखायला सांगितले : शाखा, यंत्र, पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं, आणि शेजारच्या टेबलावर काय होतंय.

कागद भरत गेला तसं चित्र उमटलं. विट्यात आठपैकी चौघांना लाल अक्षरं, चौघांना काही नाही. मिरजेत सहापैकी तिघांना. म्हणजे जिथं तिथं निम्म्यांना. तासगावच्या काकूंचं वाक्य वेगळंच निघालं : "खातं लॉक झालं आहे." त्यांच्या पासवर्डची मुदत शनिवारी संपली होती आणि त्या जुनाच पासवर्ड पुन्हापुन्हा घालत होत्या. त्याचा अपग्रेडशी काडीचाही संबंध नव्हता. खातं उघडून दिलं, कागदावरून एक ओळ कमी झाली.

सकाळी ९:४०

निम्मे लोक अडकतात, म्हणजे दोन सर्व्हरपैकी एक बिघडलाय. मग मला रविवारी तो का दिसला नाही? कारण लोड बॅलन्सर एका पत्त्यावरून आलेल्या माणसाला दर वेळी त्याच सर्व्हरकडे पाठवतो. माझा लॅपटॉप पंधराही वेळा पहिल्याच सर्व्हरकडे गेला होता. दुसऱ्याची परीक्षा झालीच नव्हती.

दहा वाजता काउंटर उघडतात. खालच्या मजल्यावर पेन्शनवाल्या आजोबांची रांग लागलेली, हळदीचे दोन व्यापारी चेकबुकं घेऊन उभे. अशा वेळी कारण शोधत बसायचं नसतं. दुसरा सर्व्हर लोड बॅलन्सरमधून बाजूला काढला. तीनशेच्या आसपास डेस्कटॉप एकटा सर्व्हर सहज पेलतो. नऊ बावन्नला विट्याहून फोन : "आलं मॅडम, आलं!"

रांग हलली. बिघाड मात्र होता तिथेच होता.

सकाळी १०:२०

आता शांतपणे दुसरा सर्व्हर. त्याच्याकडे सध्या कोणी येत नव्हतं. माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत एक ओळ लिहिली, म्हणजे बँकेच्या डेस्कटॉपचं नाव टाइप केलं की मी थेट त्याच्याच दारात जाणार. गेले आणि लाल अक्षरं मलाही दिसली.

याला सर्टिफिकेटची एरर म्हणतात. सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो; त्यावर जगाने मान्य केलेल्या एखाद्या संस्थेची सही असावी, त्यात लिहिलेलं नाव आणि आपण टाइप केलेलं नाव जुळावं, आणि मुदत चालू असावी. इथं सर्व्हर जे दाखवत होता ते सेल्फ-साइन्ड होतं. स्वतःच स्वतःला दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

असं का झालं? पहिल्या सर्व्हरवर आम्ही जुन्यावर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. दुसरा मात्र नव्याने बांधला, कारण त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होतं आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपवला होता. होरायझन नव्याने बसवलं की ते स्वतःसाठी एक कामचलाऊ सर्टिफिकेट बनवतं आणि त्याला टोपणनाव देतं : व्हीडीएम. मग आपण विकत घेतलेलं खरं सर्टिफिकेट आत आणायचं, कामचलाऊचं टोपणनाव बदलायचं आणि व्हीडीएम हे नाव खऱ्याला द्यायचं. सर्व्हर उठल्यावर व्हीडीएम अशी हाक मारतो आणि जे ओ देईल ते गळ्यात घालून दारात उभा राहतो.

व्हीडीएम म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप मॅनेजर. २००८ च्या सुमाराला या सॉफ्टवेअरचं हेच नाव होतं. पुढे व्ह्यू झालं, होरायझन झालं, मालक बदलले, पण आत हाक मारायचं नाव तेच राहिलं. माहेरच्या नावासारखं.

रविवारी मी खरं सर्टिफिकेट आत आणलं होतं. टोपणनाव बदलायचं राहिलं होतं.

सकाळी ११:१०

नाव बदललं, सेवा रीस्टार्ट केली. आता लाल अक्षरं नाहीत, कारण पानच नाही. कोरा पडदा. मुलगा म्हणाला, "मॅडम, आधीचं बरं होतं."

सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला. हजारो ओळींत एक कामाची सापडली : किल्ल्यांच्या पेटीत वापरण्याजोगं एकही सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेटबरोबर एक खासगी किल्ली असते. ती आत आणताना "ही किल्ली पुढे देता येईल" अशी एक चौकट येते. तिथं बरोबरची खूण केली नाही, तर विंडोजला सगळं ठीक दिसतं, सर्टिफिकेटच्या चित्रावर छोटी किल्लीही दिसते, पण कनेक्शन सर्व्हरला ती उचलता येत नाही. सर्टिफिकेट काढलं, खूण करून पुन्हा आणलं, टोपणनाव दिलं, रीस्टार्ट. पान आलं. कुलूप आलं.

आनंद दीड मिनिट टिकला. ब्राउझरमधून लॉगिन करायला गेले तर आत जाताच बाहेर फेकलं.

दुपारी १२:००

आमचे काही लोक थिन क्लायंट न वापरता थेट ब्राउझरमधून डेस्कटॉप उघडतात. तिथं सर्व्हर आणखी एक गोष्ट तपासतो : ही विनंती ज्या नावाच्या पानावरून आली, ते नाव माझं आहे का? लोड बॅलन्सर मध्ये असला की लोक त्याचं नाव टाइप करतात, सर्व्हरचं नाही. सर्व्हरला ते नाव परकं वाटतं आणि तो नकार देतो. त्याला ओळख करून द्यावी लागते, लॉक्ड डॉट प्रॉपर्टीज नावाच्या एका छोट्या मजकूर-फाइलीत. पहिल्या सर्व्हरवर ती फाइल वर्षानुवर्षं होती. नव्याने बांधलेल्या दुसऱ्यावर कुठून असणार?

मुलगा तोवर शोधून आला होता. "मॅडम, एका ओळीचं काम आहे. चेकओरिजिन इज इक्वल टू फॉल्स. सगळेच असं करतात."

होतं खरं तसं. ती ओळ लिहिली की तपासणीच बंद. दोन मिनिटांत काम होतं आणि त्यानंतर कुठल्याही परक्या पानावरून आलेल्या विनंतीला आमचा सर्व्हर या बसा म्हणतो. मी त्याला दुसरी ओळ लिहायला लावली : बॅलन्स्डहोस्ट, बरोबरचं चिन्ह, आणि लोड बॅलन्सरचं पूर्ण नाव. तीही एकच ओळ. वेळही तेवढाच लागला. लॉगिन झालं. दुसरा सर्व्हर पुन्हा कामाला लावला.

दुपारी १:४५

डबा उघडला तेव्हा पोळ्या गार झाल्या होत्या. मुलाला शंका होती : "पण मॅडम, आपल्याच बँकेचा सर्व्हर, आपलेच लोक. लाल अक्षरं आली तर 'पुढे जा' म्हटलं तर बिघडतं काय?"

त्याला आपल्याच देशातली गोष्ट सांगितली. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आलं, की आपल्या नावाची, आपण कधीच न मागितलेली सर्टिफिकेटं कोणाकडे तरी आहेत. ती दिली गेली होती भारत सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या व्यवस्थेतून. तिला मान्यता होती आयटी कायद्याखाली नेमलेल्या नियंत्रकांच्या मूळ (रूट) सर्टिफिकेटची, आणि त्या मुळावर विंडोज विश्वास ठेवत होतं. म्हणजे बनावट दाखल्यावर अस्सल सही. गुगलने मग क्रोममध्ये त्या मुळावरचा विश्वास मोजक्या भारतीय नावांपुरताच ठेवला. जिथं सही खरी असूनही दाखला खोटा निघू शकतो, तिथं सहीच नसलेल्या दाखल्याला आमच्या कॅशियरनी रोज "पुढे जा" म्हणायची सवय लावून घेतली, तर एक दिवस खरोखरीचा चोर दारात येईल आणि त्यालाही ते सवयीने "पुढे जा"च म्हणतील. त्या पडद्यावर ते आपला पासवर्ड टाइप करतात आणि त्या पासवर्डमागे लोकांच्या ठेवी असतात.

दुपारी २:३०

आता बाहेरगावचे. बँकेबाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळी वेस आहे, ॲक्सेस गेटवे. ती कनेक्शन सर्व्हरला त्याच्या सर्टिफिकेटच्या ठशावरून ओळखते. थंबप्रिंट म्हणतात, आणि तो खरोखरच अंगठ्यासारखा असतो. या वेळी नव्या सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटमधल्या नावांच्या यादीत हवं म्हणून आम्ही नवं सर्टिफिकेट घेतलं होतं. क्रोम ५८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ब्राउझर ही नावांची यादीच बघतो. नवं सर्टिफिकेट म्हणजे नवा ठसा, आणि वेशीवरच्या वहीत ठसा जुना. काम सोपं : नवा कॉपी करायचा, तिथं चिकटवायचा.

चिकटवला. घेईना. पुन्हा केला. घेईना. एकेक अक्षर मुलाने वाचलं, मी ताडून पाहिलं. सगळं बरोबर, तरी घेईना. अर्धा तास गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. विंडोजच्या त्या खिडकीतून ठसा कॉपी केला, की त्याच्या पुढे कधीकधी एक न दिसणारं अक्षरही येतं. डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतं. सगळ्यात पुढे जाऊन एकदा डिलीटची कळ दाबली. पडद्यावर काहीच बदललं नाही. गेटवेने मुकाट्याने घेतला.

वसुली अधिकाऱ्यांचा निरोप आला : "झालं. चहा घ्या."

दुपारी ४:००

चहा आला, बरोबर भडंग. कागदावर एकच ओळ उरली होती : जत, चार टेबलं.

तिथल्या शाखाधिकाऱ्यांना फोन लावला. "वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा की, साहेब."

"सर्टिफिकेट अजून वैध झालेलं नाही."

अजून? मुदत संपली असती तर समजलं असतं. अजून सुरूच झाली नाही हे काय? मग विचारलं, "पडद्याच्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

पलीकडे थोडी शांतता. "एक जानेवारी, २०१५."

ते चारही डबे एकाच खेपेत घेतलेले. घड्याळ चालू ठेवणारा आतला नाण्याएवढा सेल केव्हाच संपलेला. शाखा रात्री मेन स्विच बंद करते आणि सकाळी डबे आपल्या जन्मतारखेला जागे होतात. त्यांच्या हिशेबाने आमचं सर्टिफिकेट अजून जन्मायचं आहे. तो नकार तर्काला धरूनच होता.

पण सेल काही शनिवारी संपला नव्हता. मग इतकी वर्षं चाललं कसं?

दुपारी ४:४०

या प्रश्नाचं उत्तर आमच्या बदल-नोंदवहीत होतं. क्लायंटमध्ये तीन पर्याय असतात : सर्व्हरची खात्री पटली नाही तर जोडू नका, आधी विचारा, खात्रीच करू नका. शनिवारी सगळ्या शाखांना मी पहिला पर्याय लावला होता. त्याआधी जतला काय होतं ते शोधत मागे गेले. एप्रिल २०२०. टाळेबंदी. जतला लॉगिन होईना, जायला दोन तासांचा रस्ता आणि रस्ते बंद. नोंद अशी : "जत शाखा, ४ यंत्रे, सर्टिफिकेट तपासणी तात्पुरती बंद केली." खाली सही.

सही माझी.

त्या दिवशी ते चार डबे ओरडून सांगत होते, की आमचं घड्याळ बंद पडलंय. मी घड्याळ बघितलं नाही, त्यांचं तोंड बंद केलं. पुढची सगळी वर्षं त्या चार टेबलांवरच्या कारकुनांनी कोणाच्या दारात पासवर्ड देतोय हे न तपासता दिला. काही वाईट झालं नाही. त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. सकाळपासून मुलाला मी जे ऐकवत होते, ते मला तेव्हा कोणी ऐकवायला हवं होतं.

वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने सही पाहिली आणि काही बोलला नाही. गुणी मुलगा आहे.

संध्याकाळी ५:३०

चारही डब्यांना बँकेच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता दिला. आता ते उठल्यावर आधी वेळ विचारतील, मग दार वाजवतील. सेल उद्याच्या टपालात जातील.

व्यवस्थापनाच्या पडद्यावर दुसऱ्या सर्व्हरपुढे अजून लाल ठिपका होता, सगळं चालत असूनही. सर्टिफिकेट रद्द झालंय का, हे विचारायला नवा सर्व्हर बाहेर जाऊ पाहत होता आणि फायरवॉल त्याला सोडत नव्हती. यालाही एक पळवाट आहे : रजिस्ट्रीत एक आकडा बदलला की सर्व्हर रद्द-यादी विचारणंच सोडतो आणि ठिपका हिरवा होतो. मुलगा या वेळी स्वतःच म्हणाला, "फायरवॉलवाल्या दादांना सांगतो, पत्ता उघडून द्या म्हणून." वीस मिनिटांनी ठिपका हिरवा झाला.

संध्याकाळी ६:४५

वहीत आजची पानं लिहिली. दोन्ही सर्व्हर वेगवेगळे तपासावेत, लोड बॅलन्सरच्या भरवशावर राहू नये. नवा सर्व्हर बांधला तर टोपणनाव, किल्लीची खूण, लॉक्ड डॉट प्रॉपर्टीज, फायरवॉल. सर्टिफिकेट बदललं तर गेटवेवरचा ठसा. "तात्पुरतं" हा शब्द लिहिला तर शेजारी तारीख. हा शेवटचा नियम मुलाने त्याच्या अक्षरात लिहिला.

ही यादी लवकरच रोजच्या वापराची होणार आहे. पूर्वी सार्वजनिक सर्टिफिकेट वर्षभराहून थोडं जास्त, ३९८ दिवस चालायचं. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंडळाने ठरवलं, की १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. वर्षातून एकदा येणारा हा सोमवार दर दीड महिन्याने येईल. तोवर हे काम हाताने करणं थांबवून यंत्राकडे सोपवावं लागेल; नाही तर घाईत कोणीतरी पुन्हा तपासणी "तात्पुरती" बंद करेल.

तुमच्याही ऑफिसात पडद्यावर लाल अक्षरं आली, तर "पुढे जा" दाबू नका. फोन उचला आणि ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा. आमच्यासारख्यांचं निम्मं काम तिथंच होतं.

रात्री सात वाजता जतला शेवटचा फोन केला. शाखाधिकारी निघायच्या तयारीत होते. चारही टेबलांवर आजचीच तारीख होती.